१९७६ च्या जीएमसी मोटरहोमचा पेट्रोल गेज : एका टाकीवर काटा 'फुल'च्या पलीकडे, दुसरीवर कायम 'एम्प्टी'वर

वाटसरू ओहायो :

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे १९७६ सालची, २६ फुटी जीएमसी मोटरहोम आहे. ज्यांना ही गाडी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जनरल मोटर्सने मिशिगन राज्यातील पॉन्टिअॅक येथे १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत ही गाडी बनवली. ४५५ घनइंचाचे ओल्डस्मोबिल व्ही-८ इंजिन पुढची चाके फिरवते, त्यामुळे मागपर्यंत जाणारा शाफ्ट नाही, आणि म्हणूनच गाडीचा मजला त्या काळच्या इतर मोटरहोमपेक्षा बराच खाली ठेवता आला. त्या मजल्याखाली, चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये, पेट्रोलच्या दोन टाक्या आहेत : एक मेन आणि दुसरी ऑक्झिलरी, म्हणजे जोडीची. दोन्ही मिळून सुमारे ५० गॅलन, म्हणजे १८९ लीटर पेट्रोल मावते. डॅशबोर्डवर गेज मात्र एकच आहे, आणि ज्या टाकीवर बटण असेल त्या टाकीची पातळी तो दाखवतो, किंवा दाखवायला हवी.

अडचण अशी आहे. दोन्ही टाक्या पूर्ण भरल्यावर मेन टाकीवर बटण ठेवले, तर काटा 'फुल'च्या खुणेवर न थांबता तिच्या पुढे जाऊन खिळतो. बरेच अंतर कापले तरी तो तसूभर हलत नाही. मग अचानक तो अर्ध्याच्या जरा वर येतो, आणि तिथून पुढे टाकी संपेपर्यंत अगदी व्यवस्थित उतरत जातो. ऑक्झिलरी टाकीवर बटण फिरवले, तर ती काठोकाठ भरलेली असतानाही काटा 'एम्प्टी'वर पडून राहतो. ही गाडी लीटरला जेमतेम साडेतीन ते चार किलोमीटर देते, त्यामुळे केवळ अंदाजावर विसंबून लांबच्या प्रवासाला निघणे मला पटत नाही.

दोन्ही सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी गेजला कळवणारे भाग, टाक्यांच्या माथ्यावर बसवलेले असून मजल्यातून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची सोय नाही. टाकी खाली उतरवल्याखेरीज हात जात नाही. म्हणून विचारतो की टाक्या उतरवण्याआधी, जमिनीवर बसूनच, बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवता येईल का? इथल्या एका विक्रेत्याकडे 'सर्व गाड्यांना चालणारा' म्हणून एक सेंडर स्वस्तात मिळतो आहे, तो घ्यावा का? आणि मूळ गेज काढून त्या जागी आकडे दाखवणारा नवा गेज बसवण्याचा सल्ला काहींनी दिला आहे. मला तो मनापासून नको आहे, कारण हा डॅशबोर्ड जसा कारखान्यातून आला तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे. तरीही तांत्रिकदृष्ट्या तेच योग्य असेल, तर स्पष्ट सांगावे.

ओहमचा नियम :

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मे निदान त्यांतच झाले आहे. नवा गेज घेण्याचे कारण मला दिसत नाही, आणि तो सेंडर तर मुळीच घेऊ नका. दोन्हींची कारणे सांगतो.

सेंडर म्हणजे एक बदलता रोध. एका पट्टीवर बारीक रोधतारेचे वेढे असतात, त्यांच्यावरून एक छोटी जीभ सरकते आणि ती जीभ फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याच्या, दांडीला जोडलेली असते. जनरल मोटर्सच्या त्या काळातील गाड्यांमध्ये टाकी रिकामी असताना हा रोध शून्य ओहमच्या आसपास आणि भरलेली असताना ९० ओहमच्या आसपास असतो. अर्ध्या टाकीला साधारण ४० ते ४५ ओहम मिळतात. फोर्ड आणि क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये ही दिशा नेमकी उलटी आहे : रिकाम्या टाकीला सुमारे ७३ ओहम आणि भरलेलीला १० च्या जवळपास. बाजारात सर्व गाड्यांसाठी म्हणून जे सेंडर विकले जातात, त्यांतले पुष्कळसे रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहम या मापाचे असतात. तसा सेंडर आपल्या गाडीत बसवला, तर रिकाम्या टाकीला काटा 'फुल'च्या पुढे जाईल आणि भरलेल्या टाकीला अर्ध्याच्याही खाली राहील. व्हीडीओ (VDO) या युरोपीय कंपनीच्या पद्धतीचा १० ते १८० ओहमचा सेंडर दिशेने बरोबर असला, तरी त्याच्यावर काटा अर्ध्या टाकीलाच 'फुल' दाखवू लागेल. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न रोध किती हा विचारावा, आणि त्याला उत्तर देता आले नाही तर तिथून निघावे.

आता आपल्या गेजविषयी. या गेजमध्ये दोन वेटोळी असतात आणि त्यांच्या चुंबकीय ओढीच्या प्रमाणावरून काटा जागा घेतो. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट असो वा १४, दोन्ही वेटोळ्यांवर त्याचा परिणाम सारखाच होतो. म्हणून या गेजला वेगळा व्होल्टेज स्थिर करणारा भाग लागत नाही. काट्याला मागे खेचणारी स्प्रिंगही नसते. चावी बंद असताना तो कुठेही थांबलेला दिसला, तरी त्यावरून काही अनुमान काढू नये.

या रचनेत सेंडरचे सर्किट तुटले, की रोध अमर्याद होतो आणि काटा 'फुल'च्या पलीकडे जातो. सेंडरची वायर चासीला टेकली, की रोध शून्य होतो आणि काटा 'एम्प्टी'वर येतो. ही दोन वाक्ये लक्षात ठेवली की पुढचे सगळे त्यांतून निघते.

मेन टाकीचे पाहू. भरलेल्या टाकीला काटा पलीकडे जातो, म्हणजे तिथे सर्किट तुटलेले आहे. अर्ध्याच्या जरा वर आल्यावर तो एकाएकी बरोबर होतो, म्हणजे वायर, कनेक्टर, अर्थिंग आणि गेज हे चारही ठीक आहेत, कारण त्यांतले काहीही बिघडलेले असते तर खालच्या अर्ध्या भागातही चूक दिसली असती. उरते ते एकच : पट्टीवरची रोधतार मध्याच्या थोडी वर तुटली आहे. फ्लोट खाली असेपर्यंत जीभ तुटीच्या अलीकडे राहते आणि मोजमाप बरोबर मिळते. पातळी तुटीच्या वर गेली की सर्किट संपते. अर्थिंग खराब असल्याची शंका मला वाटत नाही, कारण खराब अर्थिंगमुळे रोधात भर पडून काटा सगळ्याच पातळ्यांना थोडा जास्त दाखवतो. असा एका ठिकाणाहून उडी मारत नाही.

ऑक्झिलरी टाकीच्या बाबतीत दोन शक्यता उरतात आणि त्या वेगळ्या करणे अगदी सोपे आहे. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडाला असेल, किंवा टाकीपर्यंत जाणारी वायर कुठेतरी घासून चासीला टेकली असेल. गाडीखाली जाऊन टाकीजवळचा कनेक्टर सोडवा, चावी फिरवा, बटण ऑक्झिलरीवर ठेवा आणि कुणाला तरी गेज पाहायला सांगा. काटा 'फुल'च्या पुढे गेला, तर वायर निर्दोष आणि दोष टाकीच्या आत. काटा 'एम्प्टी'वरच राहिला, तर टाकीला हात लावू नका आणि वायर तपासत पुढे या.

खात्री करण्यासाठी चावी बंद करून, सोडवलेल्या कनेक्टरची सेंडरकडील बाजू आणि सेंडरची अर्थिंगची वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून ओहम मोजा. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा लिहून घ्या आणि तो वजा करा, कारण इथे एक-दोन ओहमनेही फरक पडतो. गेजची परीक्षा घ्यायची असेल, तर सेंडरऐवजी १०० ओहमचा, पाच वॅटचा, तारेच्या वेढ्यांचा बदलता रोध जोडा आणि शून्य, ४५, ९० असे टप्पे लावून पाहा. काटा तिन्ही खुणांवर आला, की गेजला पूर्ण गुण द्या.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. सेंडरच्या वायरला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देऊ नयेत. गेजची वायर अर्थ केल्याने काही बिघडत नाही, पण सेंडरला थेट वीज दिली तर ती पट्टी जळते, आणि ती पट्टी पेट्रोलच्या वाफेत असते.

वाटसरू ओहायो :

मनःपूर्वक आभार. आपण सांगितलेल्या क्रमानेच सर्व तपासले.

बदलत्या रोधावर गेज तिन्ही खुणा बरोबर दाखवतो. अर्ध्याच्या ठिकाणी काटा स्वतःच्या जाडीइतका खाली राहतो, पण ते मला चालेल. ऑक्झिलरीचा कनेक्टर सोडवताच काटा 'फुल'च्या पलीकडे गेला, म्हणजे वायर ठीक आहे. सेंडरच्या बाजूने मोजल्यावर टाकी भरलेली असतानाही एका ओहमपेक्षा जास्त रोध मिळत नाही. मेन टाकी भरलेली असताना मल्टिमीटर सर्किट तुटल्याचे दाखवतो. अर्थिंगही पाहिले : चावी चालू असताना सेंडरची अर्थिंगची वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात जवळजवळ शून्य व्होल्ट आहेत.

तेव्हा दोन्ही टाक्या उतरवाव्या लागणार हे निश्चित झाले. हे काम ज्यांनी हाताने केले आहे, त्यांनी कृपया काय जपायचे ते सांगावे. दुसरी शंका अशी की मेनच्या सेंडरमधली तुटलेली रोधतार जोडता येईल का?

जुनी जीप, कोल्हापूर :

नमस्कार. माझे काम मुख्यतः जुन्या जीप आणि अँबॅसडर यांचे. आमच्याकडे गॅरेजमध्ये या भागाला सेंडर न म्हणता टँक युनिट म्हणतात. जुन्या जीपमध्ये टाकी चालकाच्या आसनाखालीच असल्याने काही स्क्रू काढले की टँक युनिट हातात येते. तुमच्या गाडीत ते सुख नाही, म्हणून आधी सुरक्षिततेविषयी लिहितो, आणि ते जरा सविस्तर लिहितो.

मोटरहोम हे घर आहे, हे टाकीला हात लावण्यापूर्वी आठवावे. घरात गॅसवर चालणारा फ्रिज असतो, पाणी तापवण्याचा बंब असतो, शेगडी असते, आणि यांतल्या एखाद्याची लहानशी ज्योत आत तेवत असते. काम सुरू करण्यापूर्वी ती प्रत्येक ज्योत विझवावी आणि गॅसच्या टाकीचा मुख्य कॉक बंद करावा. जनरेटर असेल तर तो आपोआप सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते, त्यामुळे हे काम गॅरेजच्या खड्ड्यात किंवा बंद शेडमध्ये करू नये, उघड्यावर आणि सपाट जमिनीवर करावे. गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नये. चासीखाली भक्कम स्टँड द्यावेत, आणि तुमच्या गाडीला मागे हवेच्या पिशव्या आहेत म्हणून हे दुप्पट महत्त्वाचे, कारण पिशवीतली हवा उतरली की गाडी न सांगता खाली बसते. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. घरच्या विजेसाठी वेगळी बॅटरी असेल तर तिचेही सोडवावे. उजेडासाठी काचेचा बल्ब वापरू नये.

टाकी पूर्ण रिकामी करूनच उतरवावी. तुमची एक टाकी साधारण ९५ लीटरची धरली, तर भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलचेच वजन सत्तर किलोच्या घरात जाते, आणि ते आत हिंदकळते. टाकी धरून ठेवणारे पट्टे ढिले करण्यापूर्वी टाकीखाली रुंद फळी घालून जॅकचा आधार द्यावा. थोडी खाली घ्यावी, वरच्या नळ्या आणि वायर सोडवाव्यात, मग पूर्ण उतरवावी. नळ्या सोडवण्यापूर्वी प्रत्येकीला खुणेची चिठ्ठी बांधावी, कारण वाफेच्या आणि पेट्रोलच्या नळ्या वर दिसायला सारख्याच असतात. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी सांगतो. तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिच्याजवळ ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही, सोल्डरची तापलेली इस्त्री नाही.

टँक युनिट धरून ठेवणारी कडी अनेकदा गंजून बसलेली असते. ती फिरवताना लोखंडी छिन्नी वापरू नये. पितळी पट्टी किंवा कठीण लाकडाची खुंटी लावून, एकाच जागी जोर न देता, आळीपाळीने दोन्ही कानांवर हलके ठोकावे. त्याआधी तो भाग ब्रशने साफ करावा, नाहीतर पन्नास वर्षांची माती थेट टाकीत पडते. युनिट बाहेर काढताना दांडी आणि फ्लोट वाकवून ओढू नये, युनिट तिरपे करत सोडवून घ्यावे. त्यालाच पेट्रोल ओढणारी नळी आणि तिच्या टोकाची जाळी असते. ती जाळी नवीनच घालावी.

फ्लोटविषयी. पितळी असेल तर कानाजवळ हलवून पाहावे, आत पेट्रोल असल्यास आवाज येतो. गरम पाण्यात बुडवला की भेगेतून बुडबुडे निघतात आणि भेगेची जागा कळते. आमच्याकडे जुनी मंडळी अशा फ्लोटला सोल्डर लावत आली आहेत, पण मी ते करू देत नाही, कारण आत पेट्रोलचा थेंबभर जरी राहिला तरी तापवताना फ्लोट फुटतो. नवा फ्लोट फार महाग नसतो आणि दांडीच्या टोकाला तो सहज अडकवता येतो. फेसाळ रबराचा किंवा प्लास्टिकचा फ्लोट असेल तर त्याचे वजन करावे. नव्यापेक्षा जड भरला, तर त्याने पेट्रोल शोषले आहे असे समजावे.

तुटलेली रोधतार जोडण्याचा विचार सोडून द्यावा. ती निक्रोमची असते, तिला साधे सोल्डर धरत नाही, आणि वीज वाहणारा चांदीचा लेप लावला तर पेट्रोलमध्ये तो किती टिकेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. एवढी टाकी उतरवून असा जोड आत सोडणे हा श्रमांचा अपमान आहे. ऑक्झिलरीच्या युनिटची पट्टी मात्र शाबूत दिसते. ती कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि मऊ ब्रशने धुवावी, पॉलिश पेपर लावू नये, कारण तार केसाइतकी बारीक असते. मग दांडी अगदी सावकाश वर-खाली करत मल्टिमीटरवर पाहावे. आकडा एकसारखा चढला पाहिजे, मध्ये एकदाही तुटता कामा नये. यासाठी काट्याचा जुना मल्टिमीटर मिळाला तर जास्त बरे, क्षणभराचे तुटणे त्याच्यावर लगेच दिसते.

शेवटचा मुद्दा, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. टाकी खाली आली आहे तर तिच्या माथ्यावरची प्रत्येक रबरी नळी बदला. तुमच्याकडे पंपावर दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आमच्याकडे आता ते वीस टक्क्यांवर आले आहे, आणि १९७६ सालचे रबर इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते आधी फुगते, मग भेगाळते. टाकीच्या वर भेगाळलेली नळी खालून दिसत नाही, आणि तिच्या थेट वर तुमचा पलंग असतो. नळी घेताना तिच्यावर एसएई जे३० आर९ असा छाप पाहावा. टाकीच्या आत बुडून राहणारी नळी असेल तर तिला आर१० लागते, बाहेरची नळी आत घातली तर ती बाहेरच्या बाजूने विरघळू लागते. कडीखालचे गोल रबरी वॉशर नवीन घालावे आणि त्याला सिलिकॉनचा लेप लावू नये, पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगते आणि सुटते.

ब्रिस्टलकर :

वरील दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले. माझी गाडी ब्रिटिश असून तिच्यात स्मिथ्स कंपनीचा गेज आहे. हा धागा पुढे दुसऱ्या गाड्यांचे मालकही वाचतील, म्हणून एक फरक नोंदवून ठेवतो.

स्मिथ्सच्या १९६० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या गेजमध्ये वेटोळी नसून द्विधातूची पट्टी असते. ती तापून वाकते आणि काटा हलतो, म्हणून चावी फिरवल्यावर काटा सावकाश चढतो आणि रस्त्याच्या चढउतारांवर फारसा डुलत नाही. या पट्टीला दाब स्थिर लागतो. त्यासाठी डॅशबोर्डच्या मागे १० व्होल्टचा स्टॅबिलायझर असतो आणि बहुधा तोच इंजिनच्या तापमानाच्या गेजलाही वीज देतो. म्हणून अशा गाडीत पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही गेज एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर टाकीकडे जाण्याआधी स्टॅबिलायझर आणि त्याचे अर्थिंग तपासावे. जुन्या पद्धतीचा स्टॅबिलायझर वीज तोडत-जोडत सरासरी १० व्होल्ट देतो. डिजिटल मल्टिमीटरवर आकडा उड्या मारताना दिसला, तर तो बिघडला असे समजू नये. सेंडरची वायर अर्थ केल्यावर या गेजचा काटा 'फुल'कडे जातो, म्हणजे जनरल मोटर्सच्या गेजच्या नेमका उलट, आणि तिथे वायर फार वेळ अर्थ करून ठेवू नये, पट्टी जास्त तापते.

वाटसरू यांनी मूळ गेज ठेवण्याचा आग्रह धरला, तो मला योग्य वाटतो. गेज निर्दोष असताना तो बदलल्याने सेंडर दुरुस्त होत नाही.

ओहमचा नियम :

कोल्हापूरच्या मित्रांनी लिहिलेल्या सुरक्षिततेच्या परिच्छेदातला एकही शब्द गाळू नये, ही विनंती.

नवा सेंडर मागवताना ९० ओहमच्या जोडीने दांडीची लांबी आणि तिच्या वाकाचा आकारही जुन्याशी पडताळून पाहा. मेन आणि ऑक्झिलरी यांचे सेंडर एकसारखेच असतील असे गृहीत धरू नका. बसवण्यापूर्वी सेंडर टेबलावर, टाकीत असतो त्याच उंचीवर धरा, मागे एक पुठ्ठा उभा करा, आणि टाकीची आतली खोली मोजून तिचा तळ आणि माथा त्या पुठ्ठ्यावर आखा. फ्लोट तळापासून थोडा वर असताना शून्य आणि माथ्याजवळ असताना ९० ओहम मिळाले पाहिजेत. शून्याची जागा तळाला अगदी चिकटून ठेवू नये. काटा 'एम्प्टी'वर आल्यावरही काही लीटर शिल्लक राहिले पाहिजेत, विशेषतः अशा गाडीत, जिला पुढचा पंप गाठायला बरेच पेट्रोल लागते. शिल्लक वाढवायची असेल तर दांडी किंचित वरच्या बाजूला वाकवा : त्याच पातळीला जीभ आधीपेक्षा खाली राहते आणि गेज कमी दाखवतो. जास्त वाकवली तर टाकी भरलेली असताना फ्लोट माथ्याला अडेल, म्हणून दोन्ही टोके प्रत्येक वेळी तपासावीत.

बसवल्यानंतरची तपासणी पंपावर करता येईल. दोन्ही टाक्या पूर्ण भरा, फक्त मेनवर गाडी चालवा, काटा अर्ध्यावर आला की पुन्हा काठोकाठ भरा. ऑक्झिलरी तशीच भरलेली असल्याने पंपावरचा आकडा हा मेनमधून खर्च झालेल्या पेट्रोलचाच असेल. नंतर ऑक्झिलरीवर तेच करा. टाकीचा आकार सरळ पेटीसारखा नसेल, तर अर्ध्या खुणेला नेमके निम्मे पेट्रोल निघणार नाही, आणि तो सेंडरचा दोष नव्हे.

वाटसरू ओहायो :

काम पूर्ण झाले आहे, म्हणून निष्पत्ती नोंदवतो.

मेनच्या सेंडरची पट्टी उघडल्यावर तुटलेली तार डोळ्यांना दिसली, मध्याच्या थोडी वर, जिथे जिभेने वर्षानुवर्षे घासून पट्टीवर चकाकी आणली होती. त्या जागी ९० ओहमचा, दांडीचा आकार जुळणारा नवा सेंडर बसवला. ऑक्झिलरीचा फ्लोट पितळी निघाला आणि तो निम्म्याहून अधिक पेट्रोलने भरलेला होता. पट्टी स्वच्छ केली, नवा फ्लोट अडकवला आणि टेबलावर रोध तळापासून माथ्यापर्यंत कुठेही न तुटता चढला. मेनच्या वरच्या वाफेच्या नळीला बोटाने दाबताच भेग उघडत होती, ती खालून कधीच दिसली नसती. सर्व नळ्या बदलल्या, दोन्ही जाळ्या आणि वॉशर नवीन घातले, आणि सेंडरपासून चासीपर्यंतची अर्थिंगची वायर नवी ओढली, कारण टाकी पट्ट्यांवर टेकते तिथे आवाज रोखणारे कापड आहे आणि पट्ट्यांवर अर्थिंगसाठी भिस्त ठेवता येत नाही.

पंपावरची तपासणी मेनवर झाली. काटा अर्ध्यावर आल्यानंतर ४४ लीटर पेट्रोल मावले. पाऊण आणि पाव या खुणांवरही काटा न अडकता उतरला. ऑक्झिलरीवर काटा अर्ध्यावर येईपर्यंत चालवून पाहणे बाकी आहे, पण टाकी भरल्यावर तो 'फुल'च्या खुणेवर येऊन थांबतो आणि हळूहळू उतरतो आहे. दोन्ही सेंडरचे तळाचे, मध्याचे आणि माथ्याचे ओहम मी गाडीच्या दुरुस्तीच्या वहीत लिहून ठेवले आहेत. मेनचे आकडे १, ४३ आणि ८९, ऑक्झिलरीचे २, ४१ आणि ८८. अशी गाडी कुणाकडे असेल, तर कनेक्टर सोडवून घेतलेल्या मापांशी त्यांना हे आकडे ताडून पाहता येतील.